वही कपाटात, बिल फाइलमध्ये

ठाण्यात लोकमान्य नगर, वागळे, कळवा या भागात बऱ्याच छोट्या संस्था मुलांसाठी अभ्यासिका चालवतात, त्यातल्याच एका संस्थेचा हिशोब मी बघते. एका वर्षी आम्ही वह्या घेतल्या, बिल होतं, चेकने पेमेंट झालं होतं आणि सीएंचं ऑडिटही एकदम क्लीन आलं. पण एका सेंटरवर गेले तर मुलं जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर गणितं करत होती! गठ्ठे आलेले, पण कपाटात, आणि चावी ज्या ताईंकडे होती त्या बाळंतपणाच्या रजेवर. कुणी एक रुपयाही खाल्ला नव्हता, तरी पैसा फुकटच गेला ना.

वर्षअखेरचं ऑडिट प्रामुख्याने हिशोब खरा आहे का ते बघतं, पैशातून काम झालं का हे विचारणं त्याच्याकडे नसतंच, तो अंतर्गत ऑडिटचा, म्हणजे संस्थेने स्वतःच आतून करून घेतलेल्या तपासणीचा प्रश्न. त्यात उलटं चालत जायचं, आधी दहा मुलांना वही मिळाली का ते विचारायचं, मग वाटपाची यादी, मग स्टॉक रजिस्टर, आणि बिल सगळ्यात शेवटी.

संस्थांना याची गरज दुकानापेक्षा जास्त आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. दुकानात माल खराब निघाला की गिऱ्हाईक तिथल्या तिथे बोलतं कारण पैसे त्याचेच असतात, इथे पैसे देणारा ऐरोलीच्या कंपनीत आणि वही घेणारं पोर कळव्यात, त्यांची भेटच होत नाही. एकाचा पैसा दुसऱ्याने सांभाळायचा आणि देणाऱ्याला आतलं दिसत नाही, या अडचणीवर जेन्सन आणि मेकलिंग या अर्थशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये सविस्तर मांडणी केली, ती कंपन्यांबद्दल होती पण आपल्याला अगदी लागू पडते.

आता चोरीचं. डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्या लोकांशी बोलून 1953 मध्ये लिहिलं की तीन गोष्टी जुळून येतात, कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि 'परत ठेवीन की' अशी मनाची समजूत. घरची अडचण आपल्याला कळत नाही, मनातलं तर नाहीच, हातात राहते ती फक्त संधी. म्हणून ऑर्डर देणारा, माल मोजून घेणारा आणि चेकवर सही करणारा वेगळा हवा. माणसंच कमी असतील तर निदान बँक स्टेटमेंट दर महिन्याला थेट एका ट्रस्टीकडे जाऊ दे. 'आपलीच माणसं आहेत' म्हणून हे टाळतात, पण उद्या काही कमी पडलं तर संशयही त्याच आपल्या माणसावर येतो, हे मला जास्त लागतं.

आणि सगळं ऑडिटरच पकडेल असंही नाही हां. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या आर्थिक फसवणूक तपासणाऱ्यांच्या संघटनेच्या 2024 च्या जागतिक अहवालात फसवणुकीची 43 टक्के प्रकरणं कुणीतरी सांगितल्यामुळे उघडकीला आली, अंतर्गत ऑडिटमुळे 14 टक्के. म्हणून आता आमच्या प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर एका ट्रस्टीचा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय, आणि कपाटाची दुसरी चावी शेजारच्या बालवाडीत असते.