दाब पंपात नसतो

दिवाळीच्या आधीच्या रविवारी शेजारच्या काकूंची गच्चीवरून हाक आली. "अरे, जरा वर येतोस का? हे मशीन परत आचके देतंय." इंदूरच्या लोकमान्य नगरात गच्च्या एकमेकींना लागूनच आहेत, त्यामुळे दोन मिनिटांत मी तिथे होतो. जोरदार फवाऱ्याने गच्ची-गाडी धुणाऱ्या मशीनची, म्हणजे प्रेशर वॉशरची, मोटर चालू होती. गनमधून क्षणभर जोरदार फवारा निघायचा, लगेच मरगळायचा, पुन्हा जोर धरायचा. आदल्या दिवशी मेकॅनिक येऊन "पंप बैठ गया है, नया डालना पड़ेगा" म्हणून गेला होता आणि त्याने सांगितलेला खर्च मशीनच्या निम्म्या किमतीइतका होता. पण काकू सहज बोलून गेल्या, "खाली पोर्चमध्ये गाडी धुते ना, तेव्हा मात्र अगदी नीट चालतं रे."

पंप बसला असता तर तो खालीही चालला नसता. मी १० लिटरची बादली मागितली आणि मोबाइलवर वेळ लावून गच्चीवरच्या नळाखाली धरली. भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ४ लिटर. मशीनच्या पट्टीवर लिहिलं होतं, मिनिटाला ६ लिटर. पंपाला जेवढं हवं तेवढं पाणी मिळतच नव्हतं. गच्चीवरचा नळ टाकीच्या कडेला असतो; टाकीत मीटरभर पाणी असलं तर तिथे जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. पोर्चमधल्या नळाशी तीच टाकी सात-आठ मीटर उंचीवर असते, म्हणून तिथे सात-आठ पट दाब. बादलीही तिथे पाऊण मिनिटात भरली.

या मशीनबद्दल एक गोष्ट पक्की समजली की निम्मे बिघाड घरीच ओळखता येतात: पंप पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. खात्री करायची असेल तर गनच्या पुढची नळी काढा आणि ट्रिगर दाबा. तोच पंप, तीच मोटर, आणि पाणी अंगणातल्या पाइपासारखं संथ पडतं. नळी लावली की तेच पाणी तिच्या टोकावरच्या नोझलच्या जेमतेम १ मिलिमीटरच्या भोकातून जायला लागतं. मागून पिस्टन ढकलत राहतात, पुढे वाट अरुंद, म्हणून आत दाब चढतो. १०० बार दाब म्हणजे १ किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या तळाशी असेल तेवढा. तो भोकाशी वेगात बदलतो आणि पाणी सेकंदाला १४० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वेगाने सुटतं. गच्चीवरचं शेवाळ खरवडतो तो हा वेग. पाणी त्यामानाने थोडंच लागतं, मिनिटाला ६ लिटर.

त्या भोकाकडे मात्र फार कमी लोक बघतात. समजा वाळूच्या कणांनी घासून नोझलचा व्यास फक्त १० टक्क्यांनी वाढला. डोळ्यांना काही दिसणार नाही. पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, पाण्याचा वेग त्या प्रमाणात घटतो, आणि दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे १०० बारचे ६८ उरतात. एक तृतीयांश जोर गेला आणि पंप ठणठणीत! मशीन "हळूहळू म्हातारं झालं" असं वाटलं तर आधी नवं नोझल लावून बघावं, ते स्वस्त असतं. भोकात कचरा अडकला असेल तर लक्षणं वेगळी दिसतात. फवाऱ्याचा पंखा एका बाजूला वाकडा होतो, मोटर कण्हते. मशीन बंद करून, नोझल काढून, सोबत मिळालेल्या तारेने पुढच्या बाजूने कचरा आत ढकला आणि उलट दिशेने पाणी सोडून धुऊन काढा.

पंपात सहसा तीन छोटे पिस्टन असतात. एक तिरकी तबकडी फिरते आणि त्यांना आळीपाळीने आतबाहेर ढकलते. प्रत्येकाला पाणी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन चिमुकले व्हॉल्व्ह. त्यातल्या एकाखाली वाळूचा एक कण जरी बसला, तरी तीनपैकी एक ठोका वाया जातो आणि हातातला होज पाइप थरथरायला लागतो. काकूंच्या गच्चीवर आचके लांब, सेकंदभराचे होते. व्हॉल्व्ह अडकला की थरथर बारीक आणि एकसारखी असते. हा फरक हाताला कळतो, एकदा अनुभवला की विसरत नाही.

पाणी कमी पडलं की आणखी एक नुकसान होतं. पिस्टन मागे जाताना आत पाणी पुरत नाही, दाब इतका घसरतो की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुढच्याच क्षणी ते फुटतात. फुटताना धातूवर सूक्ष्म घाव बसतात. पंपातून खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला तर तो हाच, लगेच थांबावं. पाणी गरम असेल तर बुडबुडे लवकर होतात, आणि इंदूरच्या मे महिन्यात काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. घरगुती मशीनची मर्यादा बहुधा ४० अंश सेल्सिअस असते, कारण आतल्या रबरी सील त्यापुढे मऊ पडतात. उन्हाळ्यात सकाळीच काम उरकावं. जर्मन अभियंता आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं हाय प्रेशर मशीन आणलं. पण आजच्या गरम पाण्याच्या मशीनमध्येही पंपाला थंडच पाणी देतात आणि ते पंपाच्या पुढे तापवतात.

काकूंसाठी आम्ही १०० लिटरचा ड्रम स्टुलावर ठेवून भरला आणि मशीनची ओढणारी नळी त्यात सोडली. अशी नळी जाड, ताठ लागते. साधा बागेचा पाइप ओढीने आत चिपकतो. नळी आधी पाण्याने भरून घेतली, पुढची नळी काढून गन दाबून धरली, आणि बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत हवा जाऊ दिली. मशीन मिनिटाला ६ लिटर ओढतं, नळ ४ लिटर घालतो, म्हणजे ड्रममधून २ लिटरच कमी होतं. सलग पाऊण तास मिळाला आणि एकही आचका आला नाही. अंगणात साध्या पाइपाने धुतलं असतं तर पाणी याच्या कितीतरी पट गेलं असतं. हे पाणी नर्मदेचं, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून माळव्याच्या पठारावर चढवून आणलेलं, आणि आमच्याकडे एक दिवसाआड येणारं. त्याची किंमत मला फार वाटते. बोरिंगचं पाणी वापरत असाल तर मशीनमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी दर वेळी काढून धुवा. त्या पाण्यातला क्षार आणि रेती, दोन्ही या मशीनचे शत्रू.

गन सोडलेली असताना मशीन आपोआप टक करून क्षणभर चालू होत असेल, तर कुठेतरी दाब गळतोय. गन सोडली की दाब आत अडकतो आणि त्या दाबानेच मोटरचं स्विच बंद राहतं. थेंबभर गळती झाली की दाब उतरतो, मोटर पुन्हा सुरू होते. जोडांवरच्या ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कड्या, तपासा. दहा-वीस रुपयांची रिंग आणि सिलिकॉन ग्रीसचा हात, एवढ्यावर बहुतेकदा भागतं. सगळे जोड कोरडे असतील तर गळती पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये आहे, तिथे मेकॅनिकच हवा. तेलाची काच असलेल्या मशीनमध्ये तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. मग मशीन अजिबात चालवू नका.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, याचं कारण पुष्कळदा मशीनच्या बाहेर असतं. १८०० वॉटच्या मोटरला २३० व्होल्टवर ८ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, पण इंडक्शन (कार्बन ब्रश नसलेली) मोटर सुरू होताना तो पाच-सहा पट, म्हणजे ४० अँपिअरच्या वर जातो. ०.७५ चौरस मिलिमीटरची २० मीटर वायर लावली तर त्या क्षणी ४० व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर, तीही पूर्ण उलगडलेली, १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग, एवढं हवंच. सुरू करण्याआधी ट्रिगर दाबून अडकलेला दाब सोडा, मोटरला पहिला फेरा सोपा जातो. तरीही गुणगुणत राहिली तर मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर बघायला द्या.

नवं मशीन घ्यायला इंदूरच्या सियागंज बाजारात जाल तेव्हा खोक्यावरचे दोन आकडे घ्या: बार आणि मिनिटाला लिटर. गुणाकार करा आणि ६०० ने भागा, पाण्याला मिळणारी शक्ती किलोवॉटमध्ये येते. १०० बार आणि ६ लिटर म्हणजे १ किलोवॉट. मोटर दीड-पावणेदोनची असेल तर हिशोब जुळतो. पण १८०० वॉटच्या मोटरवर २०० बार आणि ८ लिटर लिहिलं असेल, तर उत्तर २.६७ किलोवॉट येतं. खाल्लेल्यापेक्षा जास्त काम कुठलंच मशीन करत नाही. तिथे बहुधा जास्तीत जास्त दाब आणि जास्तीत जास्त पाणी असे दोन वेगळ्या वेळचे आकडे शेजारी छापलेले असतात. चालू कामातला दाब विचारा. इंडक्शन मोटर जड असते, पण शांत आणि दमदार. कार्बन ब्रशवाली हलकी आणि स्वस्त, वर्षातून चार वेळा गाडी धुणाऱ्याला पुरते. माझं स्पष्ट मत: सील किट, गन आणि होज पाइप त्याच दुकानात मिळतात का, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

गच्ची धुताना २५ किंवा ४० अंशांत पसरणारा पंखा देणारं नोझल वापरा, शून्य अंशाची लाल नोझल टाइलचे सांधे उखडते. गाडीच्या टायरपासून किमान ३० सेंटिमीटर लांब राहा. आणि ही धार हातापायावर कधीच घेऊ नका, खेळ म्हणूनही नाही. ती कातडी भेदून पाणी आणि घाण आत ढकलते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र स्नायूंपर्यंत इजा झालेली असते. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात जा आणि "हाय प्रेशरचं पाणी आत शिरलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण जखम पाहून ते कुणाच्या लक्षात येणार नाही.