कोकुम्सच्या जागेवर मोजपट्टी

स्वीडनच्या दक्षिण टोकाला माल्मो नावाचं शहर आहे. त्याच्या पश्चिम बंदरात समुद्राकाठी लाकडी फळ्यांचा लांबलचक फिरायचा धक्का आहे. त्यावर उभं राहून काही लिहून घ्यायचं म्हटलं तर एक हात पॅडला लागतो, दुसरा टोपीला, आणि पेन्सिल धरायला हातच उरत नाही. समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी, तिच्यापलीकडे डेन्मार्क, डावीकडे २००० साली सुरू झालेला लांबलचक पूल, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवायला काहीही नाही.

नगररचना, भूगोल, पर्यावरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट या धक्क्यावर क्षेत्रभेटीला येत असतात. आपल्याकडे दहावीच्या भूगोलाची सुरुवातच ‘क्षेत्रभेट’ या पाठाने होते, आणि पुष्कळदा ती क्षेत्रभेट त्या पाठातच उरकते. इथे मात्र हातात वायुवेगमापक, मोजपट्टी आणि कोरे तक्ते घेऊन उतरावं लागतं. कारण या वस्तीबद्दल ‘शाश्वत’ हा शब्द इतक्यांदा वापरला गेलाय, की आता तो मोजून पाहिल्याशिवाय त्याला चव येत नाही.

आधी जागेची जन्मकथा. इथे कोकुम्स नावाचा जहाजबांधणीचा कारखाना होता. नाव कोकणातल्या सरबताची आठवण करून देणारं, पण ते फ्रान्स हेन्रिक कोकुम या संस्थापकाचं आडनाव. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगातल्या मोठ्या गोद्यांमध्ये या गोदीची गणना व्हायची. पुढे जपान आणि कोरियाने स्वस्तात जहाजं बांधायला सुरुवात केली, आणि १९८६ मध्ये इथलं व्यापारी जहाजांचं काम थांबलं. सुमारे १४० मीटर उंचीची अवाढव्य क्रेन तेवढी शहरावर उभी राहिली. ती शेवटी दक्षिण कोरियातल्या ह्युंदाईच्या गोदीने अवघ्या एका डॉलरला घेतली आणि २००२ मध्ये सुटी करून उल्सानला नेली. तिथे तिला ‘माल्मोचे अश्रू’ म्हणतात. गिरण्यांची धुराडी पडताना पाहिलेल्या मुंबईकराला यात काही समजावून सांगावं लागणार नाही.

मागे उरली ती भर घालून केलेली, कारखान्यांनी वर्षानुवर्षं घाण केलेली जमीन. ती स्वच्छ करून तिथे २००१ साली घरांचं एक युरोपीय प्रदर्शन भरवलं गेलं: ‘बो ०१’. प्रदर्शन संपलं तरी घरं पाडायची नव्हती, लोकांनी तिथे राहायचं होतं. साधारण हजार घरांच्या या वस्तीला वर्षभरात लागणारी सगळी, म्हणजे शंभर टक्के ऊर्जा जवळपासच्याच अक्षय स्रोतांतून येईल, असा दावा होता.

तर आता वारा. या वस्तीचा आराखडा क्लास ताम या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली झाला. समुद्राकडच्या बाजूला पाच-सहा मजली इमारतींची भिंत आणि तिच्या आत दोन-तीन मजली घरांच्या बुटक्या गल्ल्या. त्या गल्ल्याही सरळ नाहीत, काटकोनातल्या जाळ्याला कुणी कोपऱ्यात धरून ओढावं तशा तिरक्या. सरळ गल्ली वाऱ्याला बंदुकीच्या नळीसारखी असते, वळणाची गल्ली त्याला अडखळवते. आपल्या कोकणातल्या जुन्या पाखाड्या कुणी नगररचनाकाराने आखल्या नव्हत्या, पण त्याही क्वचितच सरळ जातात.

हे मोजायचं कसं? एक गट धक्क्यावर, दुसरा पहिल्या रांगेच्या मागे, तिसरा आतल्या चौकात. वायुवेगमापक डोक्याच्या उंचीवर धरायचा आणि तिघांनीही एकाच वेळी दोन मिनिटांची सरासरी घ्यायची. इथेच पहिली गफलत होते. एकच उपकरण असलं की मुलं आधी धक्क्यावर मोजतात, मग चहा-कॉफी, मग आत जाऊन मोजतात. मधल्या अर्ध्या तासात वारा पडलेला असतो आणि श्रेय मिळतं इमारतींना. दुसरी गोष्ट आकडा वाचण्याची. समजा धक्क्यावर सेकंदाला ८ मीटर वेग आला आणि आत ४. वेग निम्मा झाला म्हणून वाऱ्याचा रेटाही निम्मा होत नाही, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे चौथाई होतो. म्हणून आतल्या चौकात आजी बाकावर बसून पेपर वाचू शकते आणि शंभर पावलांवर टोपी समुद्रात जाते. मात्र याच परिसरात २००५ साली १९० मीटर उंचीचा, तळापासून टोकापर्यंत ९० अंश पिळलेला ‘टर्निंग टॉर्सो’ उभा राहिला. उंच इमारत वरचा वेगवान वारा अंगावर घेते आणि त्यातला काही खाली पायथ्याशी लोटते. फोटो काढायला तिथे मान वर करून उभं राहा, उपकरणाशिवायही समजतं.

वाऱ्यापेक्षा मला जास्त आवडतो तो अंगणाचा हिशेब. बो ०१ मध्ये प्रत्येक भूखंडाला ‘हरित गुणांक’ मिळवावा लागला. कल्पना बर्लिनची, माल्मोने ती उचलून आपली केली. रीत सोपी आहे. भूखंडाच्या प्रत्येक पृष्ठभागाला शून्य ते एक असे गुण द्यायचे. जमिनीत थेट रुजलेली हिरवळ किंवा उघडं पाणी १, हिरवं छप्पर ०.८, खडी ०.४, फटी ठेवून बसवलेली फरशी ०.२, डांबर किंवा साधं छप्पर ०. क्षेत्रफळाला गुणांनी गुणायचं, बेरीज करायची, एकूण क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर किमान ०.५ आलं पाहिजे.

मोजपट्टी घेऊन करूनच बघू. समजा भूखंड १,००० चौरस मीटरचा आहे. इमारतीचं छप्पर ५००, हिरवळ २५०, फटींची फरशी १५०, खडी १००. छपराचे गुण शून्य, हिरवळीचे २५०, फरशीचे ३०, खडीचे ४०. बेरीज ३२०, म्हणजे गुणांक ०.३२. नापास. आता बिल्डर काय करेल? इमारतीचा पसारा कमी करणार नाही, हे कुठल्याही देशात गृहीत धरा. तो अर्ध्या छपरावर माती पसरून सेडम लावेल. जाड पानांची ही बुटकी झाडं आपल्या पानफुटीच्याच कुळातली. पानात पाणी साठवतात, चार बोटं मातीत जगतात. २५० गुणिले ०.८ म्हणजे २०० गुण वाढले, बेरीज ५२०, गुणांक ०.५२. पास.

मुलांना खरी मजा येते ती यातल्या पळवाटा शोधताना. गणिताला क्षेत्रफळ कळतं, जीव कळत नाही. दर आठवड्याला कापली जाणारी एकाच जातीची हिरवळ आणि चार प्रकारच्या झुडपांची गचपण, दोघांनाही १. सिमेंटचा तळ असलेलं निळंशार टाकंही पाणी म्हणून १. आराखडा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जोडीला ३५ ‘हरित मुद्द्यां’ची यादी दिली, त्यातले किमान १० प्रत्येक बिल्डरने निवडायचे. यादी वाचताना हसू येतं आणि मग कौतुक वाटतं: प्रत्येक घरामागे पक्ष्यांसाठी एक घरटं-पेटी, वटवाघळांसाठी पेट्या, बेडकांना हिवाळाभर निजायला जागा, किमान ५० जातींची स्वीडिश रानफुलं, रहिवाशांना भाजी पिकवता येईल एवढी माती. गुणांकाने हिरवं किती ते पाहिलं, यादीने ते कुणाच्या कामाचं ते विचारलं. आज तिथे गेलेल्या गटाचं काम म्हणजे मूळ यादी हातात घेऊन अंगणं तपासणं. पेटी आहे का, आणि असली तर तिच्यात कुणी राहतं का? दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या रकान्यात लिहायची.

पावसाचं पाणी इथे नळीतून गुपचूप जात नाही. छपरावरून अंगणात, अंगणातल्या तळ्यातून गल्लीच्या कडेच्या उघड्या दगडी पन्हळीत आणि तिथून समुद्राकडे, असा त्याचा प्रवास डोळ्यांसमोर होतो. माल्मोत ३१ ऑगस्ट २०१४ रोजी काही तासांत सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर तुंबलं. हा आकडा ऐकून मुंबईचा विद्यार्थी गालात हसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. पण हसण्यात अर्थ नाही. गटार कुठल्या पावसाच्या मापाने बांधलंय, त्यावर तुंबणं ठरतं. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना तिथे चक्रावून टाकते: धक्क्यावर भरती-ओहोटी दिसतच नाही. भाऊच्या धक्क्यावर पाणी चार-साडेचार मीटर चढता-उतरताना पाहिलेल्याला ओरेसुंडची वीतभर हालचाल म्हणजे तळंच. म्हणूनच तर लोकांना थेट पाण्यात उतरवणाऱ्या पायऱ्या तिथे इतक्या निर्धास्तपणे बांधता आल्या. तीच रचना माझगावला जशीच्या तशी उचलून आणली तर दिवसातून दोनदा पायऱ्यांवर चिखल बसेल.

ऊर्जेची गोष्ट पेवाची आहे. पूर्वी सुगीचं धान्य जमिनीतल्या पेवात उतरवून ठेवत आणि अडचणीच्या दिवसांत काढत. माल्मोखाली चुनखडीचा थर आहे आणि त्यात भूजल. उन्हाळ्यातली ऊब या पाण्यात साठवायची आणि हिवाळ्यात ती उष्मापंपाने वर खेचून घरं तापवायची. हिवाळ्याची थंडी त्याच थरात ठेवून उन्हाळ्यात इमारती गार करायच्या. पंपाला वीज लागते, ती मुख्यतः बंदरातल्या दोन मेगावॉटच्या पवनचक्कीची. छपरांवर आणि भिंतींवर सौर पाणी-तापकही आहेत.

पण ‘शंभर टक्के’ हा शब्द नीट वाचायला हवा. हिशेब वर्षाचा आहे. वारा पडलेल्या रात्री वस्ती शहराच्या जाळ्यातून वीज उसनी घेते, वादळी दिवशी परत करते. वर्षाअखेरी उसनवारी फिटली म्हणजे झालं. खरी ठेच लागली दुसरीकडेच. घरांनी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १०५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा खाऊ नये, असं बंधन होतं. कागदावर सगळे बसत होते. प्रत्यक्ष मापं घेतली तेव्हा बऱ्याच इमारती त्याच्या बऱ्याच पुढे गेलेल्या निघाल्या. कारण समोरच आहे: समुद्र दिसावा म्हणून ठेवलेल्या फरशीपासून छतापर्यंतच्या काचा. चांगली काचही भरीव, नीट आच्छादलेल्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर सोडते, आणि अंदाज बांधायच्या पद्धतीने ही गळती कमी धरली होती. मीटर बसवून आकडे जाहीर केले म्हणून हे बाहेर आलं. माझ्या मते या वस्तीचं ते पवनचक्कीपेक्षा मोठं योगदान आहे. पुढच्या टप्प्यांतल्या इमारतींच्या अटी त्यातूनच कडक झाल्या.

गाड्यांचंही तसंच. घरामागे ०.७ गाड्या येतील असं धरून पार्किंग आखलं होतं. समुद्रदर्शनाचं घर परवडणारा माणूस गाडी विकून येईल, असं कुणाला का वाटलं असावं? नंतर बहुमजली वाहनतळ बांधावा लागला.

आणि मग माणसांना विचारायची प्रश्नावली. घरं महाग, आणि याच शहरात काही किलोमीटरवर रोसेनगोर्डसारखी स्थलांतरितांची कामगारवस्ती आहे, जिथे फुटबॉलपटू झ्लाटन इब्राहिमोविच वाढला. त्या वस्तीला रेल्वे स्थानक मिळालं ते डिसेंबर २०१८ मध्ये. कोकुम्समध्ये वेल्डिंग करणाऱ्याच्या नातवाला इथे घर घेता येईल का, हा प्रश्न हरित गुणांकात बसत नाही. पण किनारा मात्र कुणाच्याही आवाराच्या आत नाही. जुलैच्या संध्याकाळी फळ्यांवर अख्खं शहर येऊन पसरतं, पोरं पाण्यात उड्या मारतात आणि वरच्या मजल्यावरचे रहिवासी गोंगाटाची तक्रार करतात. अशा संध्याकाळी ‘तुम्ही कुठून आलात?’ एवढाच प्रश्न घेऊन फिरलं तरी तक्ता शहरभरच्या पत्त्यांनी भरतो.

फक्त त्या तक्त्यावर तारीख लिहायला विसरू नये. जुलैतल्या संध्याकाळी बाकावर बसलेली माणसं म्हणजे ज्यांना बसायचं आहे आणि ज्यांना वेळ आहे ती. म्हणून हीच प्रश्नावली घेऊन जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी सकाळी पुन्हा यावं लागतं. तेव्हा फळ्यांवर कुत्रं फिरवणारा एखाददुसरा रहिवासी असतो, तोही थांबून उत्तर देत नाही, तोंडाने नुसतं ‘आत, आत’ करत पहिल्या रांगेमागच्या गल्लीकडे बोट दाखवतो.