वाक्य वाचवण्यासाठी निर्माता झालेला लेखक : नॉर्मन लिअर

कोल्हापुरात एकांकिका करणाऱ्या पोरांची वाट अलीकडे बदलली आहे. केशवराव भोसले नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग रंगला की पूर्वी भरून पावायचं. आता लिहिता हात असलेला पोरगा टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसाठी स्किट लिहायला मुंबई गाठतो. कागदावरचं वाक्य पडद्यावर जाईपर्यंत किती हातांतून जातं, हे त्याला तिथं कळतं. कुणी म्हणतं हे जरा जास्त होतंय, कुणी म्हणतं हे घरात बसून बघण्यासारखं नाही, आणि नेमकं ज्या वाक्यासाठी प्रवेश लिहिला तेच गळतं. लेखकाला यावर बोलण्याचा अधिकार कुठून मिळतो, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतला टीव्ही-मालिकांचा लेखक आणि निर्माता नॉर्मन लिअर याची कारकीर्द नीट पाहायला हवी.

लिअरचा जन्म २७ जुलै १९२२ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. तो नऊ वर्षांचा असताना बनावट रोख्यांच्या व्यवहारात वडील तुरुंगात गेले. बाप गडी मोठा बोलघेवडा. घरात आपलंच खरं करणारा, बायकोला दरडावून गप्प करणारा, आणि तरीही पोराचा जीव ज्याच्यावर जडलेला असा. दुसऱ्या महायुद्धात लिअर बॉम्बफेकी विमानावर रेडिओ ऑपरेटर होता. ५२ मोहिमा करून तो परतला. पुढं लॉस एंजेलिसमध्ये नात्यातल्या एका बहिणीचा नवरा एड सिमन्स याच्याबरोबर दारोदार विक्री करता करता दोघं विनोदी मजकूर लिहायला लागले. तो खपला आणि १९५० च्या दशकात डीन मार्टिन व जेरी लुईस या विनोदी नटांच्या जोडगोळीसाठी लिहिण्यापर्यंत मजल गेली. हे सगळं मजुरीवरचं लेखन. नाव दुसऱ्याचं, टाळ्या दुसऱ्याच्या. दशकाच्या अखेरीला दिग्दर्शक बड यॉर्किन याच्याबरोबर त्यानं ‘टँडेम’ ही स्वतःची निर्मिती संस्था काढली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच.

ब्रिटनमध्ये बीबीसीवर जॉनी स्पाइट या लेखकाची एक मालिका गाजत होती. कामगार वस्तीतला हेकट सासरा आणि नव्या विचारांचा जावई यांची रोजची जुंपाजुंपी हा तिचा विषय. लिअरनं तिच्याबद्दल वाचलं आणि त्याला थेट स्वतःचा बाप दिसला. त्यातून आर्ची बंकर जन्मला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, काळ्यांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल मनात येईल ते बोलणारा, आपल्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू न देणारा. बायकोला गप्प करताना आर्ची जो शब्द वापरतो तो लिअरच्या वडिलांचाच. एबीसी वाहिनीनं दोन वेळा नमुना भाग करून घेतला आणि दोन्ही वेळा नकार दिला. अखेर सीबीएस वाहिनीनं आर्चीची ही मालिका ‘ऑल इन द फॅमिली’ या नावानं घेतली. १२ जानेवारी १९७१ ला पहिला भाग लागला, तोही सुरुवातीला प्रेक्षकांना सावध करणारी सूचना देऊन.

त्या पहिल्या भागातला एक प्रसंग विनोद लिहिणाऱ्या प्रत्येकानं बघावा. रविवारची सकाळ. आर्ची आणि त्याची बायको एडिथ चर्चमधून ठरल्यापेक्षा लवकर घरी येतात. घर मोकळं आहे असं समजून मुलगी आणि जावई वरच्या खोलीकडे निघालेले असतात. आर्चीच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो एवढंच म्हणतो, की रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी! यात वावगा शब्द एकही नाही. वाहिनीला मात्र हेच वाक्य नको होतं, कारण ते ऐकल्यावर प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहतं. लिअर म्हणाला, वाक्य गेलं तर मीही जातो. प्रसंग वाक्याशिवायही चालला असता. पण आज एवढ्याशा गोष्टीत माघार घेतली तर पुढच्या प्रत्येक भागात घ्यावी लागेल, हे त्यानं ओळखलं होतं. वाक्य राहिलं. नुसता पगारी लेखक असता तर त्याला घरी पाठवून ते दुसऱ्याकडून बदलून घेतलं असतं. निर्माता म्हणून मालिकाच त्याच्या हातात होती, म्हणून त्याच्या धमकीला वजन आलं.

प्रेक्षकाला समोर बसवण्याचा आग्रहही महत्त्वाचा. त्या काळी अनेक विनोदी मालिका फिल्मवर चित्रित व्हायच्या आणि हशा मागाहून चिकटवला जायचा. ही मालिका नाटकासारखी, जिवंत प्रेक्षकांपुढं व्हायची. नटानं हशा ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचं वाक्य टाकायचं, हे आपल्या रंगभूमीवरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सलग पाच हंगाम ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली.

हसवता हसवता भांडण मांडायचं, ही रीत कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९११ मध्ये, इथं सत्यशोधक समाज पुन्हा उभा राहिला आणि सत्यशोधकी जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन भटशाही, अंधश्रद्धा, सावकारी यांवर गावोगाव हल्ला चढवला. व्याख्यानाला न येणारा माणूस जलशाला यायचा. लिअरनं तेच काम दिवाणखान्यातल्या एका सोफ्यावर केलं. फरक एवढाच, की जलशात चुकीची बाजू चटकन ओळखू यायची. आर्चीला मात्र काही प्रेक्षक आपलाच माणूस समजून टाळ्या देत होते. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, असं मला वाटतं. पण चुकीचं बोलणारा माणूस प्रेमळही असू शकतो हे लपवलं असतं तर मालिका खोटी झाली असती.

लिअरच्या पुढच्या मालिकांची यादी लांब आहे. नोव्हेंबर १९७२ मध्ये ‘मॉड’ या मालिकेच्या दोन भागांत सत्तेचाळीस वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते. हे भाग सुझन हॅरिसनं लिहिले होते. गर्भपाताच्या हक्काबद्दलचा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर, जानेवारी १९७३ मध्ये आला. १९७४ ची ‘गुड टाइम्स’ गरीब काळ्या कुटुंबाची, तर १९७५ ची ‘द जेफरसन्स’ पैसा कमावून उच्चभ्रू वस्तीत गेलेल्या काळ्या कुटुंबाची. काळ्यांना कायम हलाखीतच का दाखवता, ही तक्रार ऐकून घेतल्याची खूण ‘जेफरसन्स’मध्ये दिसते. त्याच वर्षी वाहिन्यांनी संध्याकाळचा पहिला प्रहर ‘कौटुंबिक’ ठेवण्याचं धोरण आणलं, तेव्हा लेखकांच्या संघटनेबरोबर लिअर कोर्टात गेला आणि १९७६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

आर्चीची खुर्ची १९७८ पासून स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. २०१७ मध्ये ‘वन डे अॅट अ टाइम’ ही त्याची जुनी मालिका क्यूबन वंशाच्या कुटुंबावर नव्यानं बेतली गेली, तेव्हा नव्वदी ओलांडलेला लिअर निर्मात्यांमध्ये होता. ५ डिसेंबर २०२३ ला, वयाच्या १०१ व्या वर्षी तो गेला. स्किट लिहिणाऱ्यांनी सुरुवात ‘मॉड’च्या त्या दोन भागांपासून करावी. आधी नुसतं ऐकावं आणि हशा नेमका कुठल्या शब्दावर येतो ते वहीत टिपून घ्यावं.