अकॅलेशियाचा उपचार: फुगा, पोएम आणि यशाची मोजपट्टी

घास गिळला की तो आपल्या वजनानेच पोटात पडतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत त्याला खाली ढकलतात आणि त्याच वेळी जठराच्या तोंडाशी असलेले, एरवी घट्ट मिटलेले स्नायूंचे कडे क्षणभर सैल होते. अकॅलेशियात हे कडे सैल करणाऱ्या चेतापेशीच नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे वाट बंद राहते, लाटही विस्कटते, अन्न छातीत अडकते किंवा उलटून घशाशी येते आणि रुग्णाचे वजन घटू लागते. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा विकार आहे. गेलेल्या चेतापेशी परत आणता येत नाहीत, म्हणून कोणत्याही उपचाराचे काम ते कडे मोकळे करणे एवढेच उरते. १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्टीला स्पंज बांधून हेच केले होते.

आजचा फुगा त्याच कल्पनेचा वारस आहे. दुर्बिणीच्या मदतीने ३० ते ४० मिलिमीटर व्यासाचा फुगा कड्यात बसवून फुगवला जातो आणि स्नायूंचे धागे ताणून फाटतात. मात्र ते नेमके कुठे आणि किती फाटतील यावर डॉक्टरांचा पूर्ण ताबा नसतो. क्वचित अन्ननलिकेलाच भोक पडते. पोएम या पद्धतीत तो ताबा मिळतो. तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटा छेद देतात, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा खणत जठरापर्यंत जातात, स्नायू नजरेसमोर कापतात आणि बाहेर येताना छेद क्लिपांनी मिटवतात. अस्तर शाबूत राहते, हीच यातली खरी युक्ती. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया केली.

दोन्हींची थेट तुलना करणारी, १३३ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर पोएमचे यश ९२ टक्के, फुग्याचे ५४ टक्के. निकाल एकतर्फी वाटतो. पण २०११ मधील एका युरोपीय चाचणीत याच फुग्याला दोन वर्षांनंतर ८६ टक्के यश मिळाले होते. फुगा तोच, मग आकडा एवढा कसा बदलला? जुन्या चाचणीत त्रास परतल्यास पुन्हा फुगा वापरण्याची मुभा होती; नव्या चाचणीत सुरुवातीच्या एक-दोन प्रयत्नांनंतर पुन्हा फुग्याची गरज पडली, तर ते अपयश धरले गेले. पुन्हा रुग्णालयात यायला हरकत नसलेल्या रुग्णाला जुना आकडा जवळचा वाटेल, एकदाच उपचार हवा असलेल्याला नवा.

पोएमची खरी बरोबरी पोटावर छिद्रे पाडून केल्या जाणाऱ्या हेलर शस्त्रक्रियेशी आहे. २२१ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी दोन्हींचे यश जवळपास सारखे, ८३ आणि ८२ टक्के होते; गंभीर गुंतागुंत पोएममध्ये कमी आढळली. फरक पडतो तो जठरातून वर येणाऱ्या आम्लाच्या बाबतीत. हेलरमध्ये स्नायू कापल्यावर जठराचा भाग त्यावर दुमडून शिवतात, त्यामुळे आम्लाला थोडा अडसर राहतो. पोएममध्ये तो अडसर नसतो, आणि दोन वर्षांनी ४४ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेत आम्लाने झालेली जळजळ दिसली. हेलरनंतर हे प्रमाण २९ टक्के होते.

छेद अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूने घ्यावा की मागच्या, यावरही बराच खल झाला आहे. गिळण्यातील सुधारणा दोन्हींत सारखीच दिसते. विकाराचा प्रकार मात्र अधिक महत्त्वाचा ठरतो. अकॅलेशियाच्या तीन प्रकारांपैकी तिसऱ्यात अन्ननलिका बऱ्याच लांबीपर्यंत आखडते, तिथे तळाशी फुगवलेला फुगा अपुरा पडतो, तर पोएमचा काप हवा तितका वर नेता येतो. म्हणून पद्धत ठरवण्याआधी प्रकार ओळखण्यासाठी अन्ननलिकेतील दाब मोजणारी चाचणी आवश्यक असते. आणि पोएमनंतर छातीत जळजळ नसली, तरी दुर्बिणीने पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, कारण आम्लाने झालेली इजा अनेकदा रुग्णाला जाणवतच नाही.