ऑनलाइन वृत्तप्रकाशन

इंटरनेटवरून बातम्या प्रसिद्ध करण्याची पद्धत. ती स्वीकारताना वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना कामाच्या वेळा, बातमीची घडण आणि उत्पन्नाची साधने बदलावी लागली.

ब्रिटनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक टेलिग्राफ’ सुरू केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संकेतस्थळ १९९६ मध्ये, तर बीबीसीची ऑनलाइन वृत्तसेवा १९९७ मध्ये आली. आरंभी बहुतेक ठिकाणी छापील मजकूरच उचलून संकेतस्थळावर ठेवला जाई. पुढे ‘अंक’ ही कल्पनाच मोडली आणि खरा बदल तिथून सुरू झाला.

दैनिकाचे सगळे काम रात्रीच्या छपाईच्या वेळेला बांधलेले असे. पाने छपाईला गेली की त्या दिवसापुरती बातमी मिटली. चूक राहिलीच, तर खुलासा दुसऱ्या दिवशी. संकेतस्थळाला अशी रात्र नाही. ‘गार्डियन’ने २००६ मध्ये परदेशी व आर्थिक बातम्या अंकासाठी न राखता आधी संकेतस्थळावर देण्याचे ठरवले. मोठ्या घटनेची बातमी दोन ओळींनी सुरू होऊन दिवसभर वाढू लागली. वेग आला, पण उपसंपादकाची दुसरी नजर फिरण्याआधीच मजकूर वाचकापर्यंत पोहोचू लागला. म्हणून काय बदलले व केव्हा बदलले हे बातमीखाली स्पष्ट लिहिण्याची प्रथा फार मोलाची आहे. गुपचूप केलेली दुरुस्ती आधीचा मजकूर वाचून गेलेल्याला कळतच नाही.

अंकाबरोबर पैशाचे गणितही विस्कटले. नोकरी, घर, जुनी वाहने यांच्या छोट्या जाहिरातींवर दूरच्या वार्ताहराचा खर्च निघत असे. त्या जाहिराती क्रेगलिस्टसारख्या स्थळांकडे गेल्या आणि उरलेल्यांचा मोठा वाटा गूगल व फेसबुकने घेतला. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९९७ मध्येच ऑनलाइन वाचनासाठी वर्गणी लावली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००५ मध्ये निवडक मजकुराला शुल्क लावले, २००७ मध्ये ते काढले आणि २०११ मध्ये महिन्याला २० लेख मोफत, पुढे वर्गणी, अशी पद्धत आणली. ‘गार्डियन’ने बातम्या खुल्या ठेवून वाचकांकडे ऐच्छिक मदत मागितली. ‘इंडिपेंडंट’ने मार्च २०१६ मध्ये छपाई थांबवली.

वाचक समाजमाध्यमांतून येऊ लागल्यावर मथळे व मांडणी, कोणता मजकूर किती जणांना दाखवायचा हे ठरवणाऱ्या तिथल्या गणिताप्रमाणे ठरू लागली. हे अवलंबित्व किती कच्चे आहे, ते कॅनडात दिसले. अशा मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना बातम्यांसाठी मोबदला देण्याचा कायदा २०२३ मध्ये होताच फेसबुकची मालक कंपनी मेटाने तिथे फेसबुक व इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या.

जतनाकडे मात्र उशिरा लक्ष गेले. छापील अंकांच्या बांधीव फाइली ग्रंथालयांत राहिल्या; संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुने दुवे तुटतात, कंपनी बंद पडली की पानेच नाहीशी होतात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने टिपून ठेवलेल्या प्रतींमुळे त्यांतली काही आजही वाचता येतात.