लोणा, चुना आणि जुनी वीट

वाईजवळ कृष्णेकाठी मेणवली आहे. नाना फडणवीसांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वाडा बांधला: सहा चौक, सागवानी खांब-तुळया, मागे नदीत उतरणारा घाट. पावसाळ्यात इथली जमीन आठवडेच्या आठवडे ओली असते. अशा जागी मातीची वीट दोन शतकं टिकते कशी? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर विसरून आपण गावोगावचे वाडे दुरुस्तीच्या नावाखाली खराब करतो आहोत.

वीट पाणी पिते. तिच्यात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि वातीतून तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं. म्हणून अशा वाड्यांचं जोतं दगडी. काळ्या दगडातून पाणी फारसं चढत नाही, वीट सुरू होते ती त्याच्यावर. तरी थोडी ओल सांध्यांतून येतेच, थोडी पावसाच्या झडीने भिंतीत शिरते. तिला बाहेर पडायची वाट देतो तो चुना.

चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, मग चुना मळायच्या घाणीत (घाण्यात) दगडी चाकाखाली वाळूबरोबर मळायचा. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. गुळातल्या साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, कालवण मऊ होतं, थापीला छान लागतं. भिंतीत गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू, बाहेरून आत, पुन्हा चुनखडी होत जातो. केसाएवढी चीर पडली तर झिरपणारं पाणी थोडा चुना विरघळवून चिरेत नेतं आणि तो तिथे घट्ट होतो. भिंत स्वतःच सांधली जाते!

चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ. पाणी मुख्यतः त्याच्यातून सुकतं, सोबतच्या क्षारांचे स्फटिक तिथेच धरतात, म्हणून झिजतो तो सांधा. गवंडी तो खरवडून पुन्हा दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, भरतो. वीट शाबूत राहते.

सिमेंटने हे उलटं होतं. दरजा सिमेंटच्या भरल्या की पाण्याला विटेतूनच सुकावं लागतं. क्षारांचे स्फटिक विटेच्या पोटात वाढतात आणि तिचे पापुद्रे सुटू लागतात. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. मग कुणीतरी तो झाकायला सिमेंटचा गिलावा चढवतं. ओल आतच कोंडते, आणखी वर सरकते आणि भिंतीत बसवलेल्या लाकडापर्यंत पोचते. ज्या सागवानी खांबाला जमिनीची ओल लागू नये म्हणून सुताराने दगडी तळखड्यावर उभं केलं होतं, तो मग भिंतीकडूनच कुजू लागतो.