छोट्या ऑफिससाठी वायफायची सामग्री घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"वायफाय स्लो आहे, सहा अँटेनावाला राउटर द्या," असं सांगत बरेच ग्राहक येतात. नवा राउटर आम्ही देऊच, पण आधी विचारतो की आत्ताचा बसवलाय कुठे. बहुतेक ऑफिसांत इंटरनेटवाल्यांनी वायर जिथून आत घेतली तिथेच तो असतो : दाराच्या वर, पोटमाळ्यावर, नाहीतर लोखंडी कपाटामागे. तिथून शेवटच्या केबिनपर्यंत मध्ये नऊ इंची भिंत येते, फायलींची कपाटं येतात, कधी लिफ्टही येते. लोखंड सिग्नल अडवतं आणि जाड भिंत त्याला निम्म्याहून कमी करते. अँटेना वाढवून यात फारसा फरक पडत नाही, कारण लॅपटॉप आणि मोबाइलला उत्तर त्यांच्या चिमुकल्या अँटेनातूनच परत पाठवायचं असतं.

म्हणून खरेदीआधी एक करून पाहा. अँड्रॉइड मोबाइलवर वायफायची ताकद दाखवणारं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्या, केबिनची दारं लावा आणि प्रत्येक टेबलाशी बसून आकडा लिहून घ्या. उणे 65 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे 60, उणे 55 असा आला, तर व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे 75 च्या पलीकडे गेला की आवाज तुटू लागतो. हा कागद आमच्याकडे आणलात तर अर्धं काम तिथेच होतं.

एकच राउटर, की जोडीला अ‍ॅक्सेस पॉइंट?

एका हॉलचं ऑफिस असेल तर मधोमध, उंचावर, उघड्यावर बसवलेला एक चांगला राउटर पुरतो. पण समजा, दोन फ्लॅट जोडून केलेलं सीएचं ऑफिस आहे, मधली भिंत जुन्या बांधकामाची आहे आणि दहा-बारा माणसं बसतात. तिथे आम्ही महागडा राउटर सुचवत नाही. मध्यम किमतीचा राउटर एका बाजूला आणि छताला लावायचा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने नेट घेऊन त्या भागात वायफाय देणारा डबा) दुसऱ्या बाजूला, दोन्ही केबलने जोडलेले, हेच सुचवतो. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर सिग्नल घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. जागा भाड्याची आहे आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तर मेश सेट (आपसात वायफायनेच जोडले जाणारे दोन-तीन डबे) घ्या. पण केबल टाकता येत असेल तर केबलच टाका.

आणि केबल नीट बघून घ्या. बाजारात कॅट 6 (नेटवर्क केबलचा एक दर्जा) च्या नावाखाली वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, आणि दिसायला ती अगदी सारखीच असते. आतली एक तार ब्लेडने खरवडा; लालसर रंगाखाली चंदेरी दिसलं तर ती घेऊ नका. छतावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला वीजही याच केबलमधून जाते, ज्याला पीओई म्हणतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये ही वीज जास्त वाया जाते, केबल तापते आणि लांबच्या टोकाला उपकरण मधूनच बंद-चालू होतं. केबलची एक ओढ 100 मीटरच्या आत ठेवायची असते, छोट्या ऑफिसात तेवढी लागतच नाही.

खोक्यावरचे आकडे

एसी 1200 (एसी म्हणजे वायफाय 5 ही पिढी) म्हणजे 1200 एमबीपीएस मिळतील असं नाही. वायफायचे दोन पट्टे असतात; 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची ती वरच्या शंभरापर्यंत नेलेली बेरीज असते, तीही कागदावरची. एका लॅपटॉपच्या वाट्याला यातला एकच पट्टा येतो आणि प्रत्यक्षात त्याच्याही निम्म्याच्या आसपास मिळतं. त्याहून महत्त्वाचं खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतं : पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, 10/100 (जास्तीत जास्त 100 एमबीपीएस) आहेत की गिगाबिट (1000 एमबीपीएस)? स्वस्तातल्या अनेक एसी 1200 राउटरना 100 चेच पोर्ट असतात. तुम्ही 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतलात तरी अशा राउटरमधून 95 च्या पुढे काही जाणार नाही, आणि दर महिन्याला पैसे मात्र 200 चे जातील. गिगाबिट पोर्टशिवाय घेऊच नका. वायफाय 7 या नव्या पिढीची उपकरणंही आता मिळतात, पण दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला आमच्या मते वायफाय 6 पुरे.

2.4 चा पट्टा बंद करू नका. जुने प्रिंटर आणि हजेरीची बरीचशी बायोमेट्रिक मशीन त्याच्यावरच चालतात. मात्र व्यापारी संकुलात शेजारपाजारची नेटवर्क तिथे गर्दी करतात आणि एकमेकांत न मिसळणारे चॅनल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच मिळतात : 1, 6 आणि 11. बसवताना आम्ही त्यातला सर्वांत मोकळा निवडून देतो. लॅपटॉप 5 वर ठेवा. टॅलीचा डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याला तर वायफाय नकोच, थेट केबल द्या. एंट्री चालू असताना लिंक तुटली तर डेटा बिघडायची भीती असते.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क हवंच. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मोबाइलला तुमच्या फायलींच्या शेजारी बसवायचं कारण नाही. सुरक्षेसाठी राउटरच्या सेटिंगमध्ये पासवर्डच्या कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए 3 निवडा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए 2. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून देणारं, बटण बंद. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

दिवे गेले की राउटरला पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि जीएसटी भरण्याच्या शेवटच्या तारखेला ती फार महाग पडतात. राउटर आणि फायबरचा डबा या दोघांनाही छोटा 12 व्होल्टचा यूपीएस लावा, अर्थात आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून.

पाहणीला येऊ तेव्हा जागेचा साधा हाती काढलेला नकाशा, माणसांची आणि उपकरणांची संख्या आणि इंटरनेट प्लॅनचं बिल तयार ठेवा. काम झाल्यावर राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड, केबलचा नकाशा आणि प्रत्येक वस्तूचं बिल आम्ही तुमच्या हाती लेखी देतो. पुढे दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायचं ठरवलंत तरी तुमचं अडणार नाही.